सोमच्या खडूत खणून बसलेली २६वी रिझर्व्ह डिव्हिजन

पहिल्या महायुद्धातली जर्मन डिव्हिजन शोधायला बसलं की पहिली ठेच क्रमांकाला लागते. २६वी डिव्हिजन वेगळी आणि २६वी रिझर्व्ह डिव्हिजन वेगळी, आणि दोन्ही जर्मनीतल्या वुर्टेम्बर्ग राज्याच्या. 'रिझर्व्ह' हा शब्द कुठे गाळला गेला की दोघींचा इतिहास एकमेकींत कालवला जातो. रेजिमेंटांचंही तसंच. ११९ क्रमांकाची एक ग्रेनेडियर रेजिमेंट होती आणि एक रिझर्व्ह. नियम समजला असं वाटतं तोवर अपवाद हजर होतो: या रिझर्व्ह डिव्हिजनमधली १८०वी रेजिमेंट राखीव नव्हतीच, ती शांतताकाळापासूनची खडी फौज होती.

सक्तीची लष्करी सेवा संपवून शेतीला, कारखान्याला लागलेल्या माणसांना ऑगस्ट १९१४ मध्ये परत बोलावून ही डिव्हिजन उभी राहिली. कागदावर ती खड्या डिव्हिजनच्या तोडीची होती: दोन ब्रिगेड, चार रेजिमेंटा, बारा बटालियन. कमतरता तोफांची. खड्या डिव्हिजनकडे हॉवित्झर (उंच कमानीत गोळा टाकणाऱ्या तोफा) धरून ७२ तोफा, रिझर्व्हकडे ३६. त्यामुळे 'राखीव म्हणजे दुय्यम' असा शिक्का बसला. १९१४ पुरता तो ठीक आहे, १९१६ ला लावणं चूक.

सेनापती होते फ्रांझ फॉन झोडेन. व्होजच्या डोंगरांतली लढाई उरकून डिव्हिजन सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस उत्तर फ्रान्समधल्या सोम नदीच्या भागात आली आणि सेरच्या दक्षिणेपासून बोमाँ-आमेल, थीपव्हाल, ओव्हिलेपर्यंत पसरली. आठ-नऊ किलोमीटरची आघाडी, पणजीहून जुनं गोवें गाठण्याएवढी. तिथे ती इंग्रजांचा मोठा हल्ला येईपर्यंत एकवीस महिने राहिली. माझ्या मते तिच्या ताकदीचं मूळ या मुक्कामात आहे. दर महिन्याला जागा बदलणारी फौज खोल खणत नाही.

खणायला जमीनही तशी मिळाली. आपल्याकडे चिऱ्याच्या पठारावर खड्डा घेतला की पहिल्या पावसात तो तळं होतो. सोमचा खडूचा दगड मऊ, कुदळीने सहज निघतो, भिंत उभी राहते आणि पाणी झिरपून जातं. त्यात खणलेली भुयारं सहा ते दहा मीटर खोल, म्हणजे वाड्यातली बऱ्यापैकी विहीर. वाटेला लाकडी चौकटी, आत निजायची फळकुटं, आणि प्रत्येक भुयाराला किमान दोन तोंडं, कारण तोफगोळ्याने पहिल्यांदा बुजतं ते तोंडच. एकच वाट असली तर आतली माणसं जिवंतपणी पुरली जातात. खडूची खोड एक: काढलेला माल पांढराशुभ्र. तो तसाच टाकला तर विमानातून घेतलेल्या फोटोत पत्ता उघड. समोर काटेरी तारांचे दोन पट्टे, प्रत्येकी २५ मीटरहून रुंद.

हल्ल्याआधी, २४ जून १९१६ पासून सात दिवस या आघाडीवर आणि शेजारच्यांवर मिळून इंग्रजांचे पंधरा लाखांहून अधिक गोळे पडले. पण त्यांत बरेचसे छर्ऱ्यांचे होते. छर्रे उघड्यावरच्या माणसाला मारतात, दहा मीटर खडूखाली बसलेल्याचं काही बिघडवत नाहीत. बरेच गोळे फुटलेही नाहीत.

आता खरी शर्यत. तोफांचा मारा पुढे सरकला की हल्लेखोर पोचायच्या आत जर्मनांनी खालून वर यायचं, तेही मशीनगन घेऊन. ०८ मॉडेलची नुसती गन २६ किलोच्या आसपास, स्लेजसारखा स्टँड आणि पाणी धरून साठच्या वर. अरुंद पायऱ्यांवरून हे धूड चढवायचं, गन थंड ठेवणाऱ्या आवरणात चार लिटर पाणी आहे ना बघायचं, २५० गोळ्यांचा कापडी पट्टा लावायचा. पट्टा ओला झाला असेल तर फुगून अडकतो. पाणी उकळू लागलं की वाफ जागा दाखवते, म्हणून ती नळीने डब्यात सोडायची.

१ जुलैला बोमाँ-आमेलसमोर ही शर्यत इंग्रजांनी स्वतःच्या हाताने हरली. हॉथॉर्न टेकडीखालचा १८ टनांचा सुरुंग त्यांनी ७.२० ला उडवला आणि जड तोफांचा माराही तेव्हाच पुढे वळवला. हल्ला ७.३० ला. दहा मिनिटं म्हणजे जर्मनांना आमंत्रणच! समोरच्या २९व्या ब्रिटिश डिव्हिजनची पाच हजारांवर माणसं मेली वा जखमी झाली. ११९व्या रिझर्व्ह रेजिमेंटचं नुकसान तीनशेच्या आत, आणि त्यातलं बरंचसं त्या सुरुंगामुळे.

थीपव्हालजवळ उलटं घडलं. ब्रिटिशांच्या ३६व्या अल्स्टर डिव्हिजनचे लोक तोफा थांबण्याआधीच पुढे सरकून दबा धरून बसले होते, त्यामुळे ९९व्या रिझर्व्ह रेजिमेंटची माणसं वर यायच्या आत ते जर्मनांच्या श्वाबेन गढीत शिरले. गढी परत घ्यायला बव्हेरियाच्या ८व्या रिझर्व्ह रेजिमेंटची मदत लागली आणि रात्र झाली. थीपव्हाल गाव मात्र २६ सप्टेंबरपर्यंत पडलं नाही. तेव्हा तिथे होती तीच १८०वी.

गंमत म्हणजे तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यातला गोवाही जर्मनीशी युद्धात होता. पोर्तुगालने स्वतःच्या बंदरांतली जर्मन जहाजं जप्त केली म्हणून जर्मनीने ९ मार्च १९१६ ला त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारलं होतं.

मूळ कागद बघायचे असतील तर एक सोय आहे. प्रशिया या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्याच्या सैन्याचे दस्तऐवज एप्रिल १९४५ मध्ये पोट्सडॅमवरच्या बॉम्बहल्ल्यात बहुतांशी जळाले, वुर्टेम्बर्गचे श्टुटगार्टच्या अभिलेखागारात वाचले. या डिव्हिजनमधली ९९वी रिझर्व्ह रेजिमेंट मात्र प्रशियन, तेव्हा तिच्यासाठीही आधी डिव्हिजनच्या श्टुटगार्टमधल्या कागदांत बघावं.