फिल्मवरचं लिव्हर डावीकडे का दिसतं?

परळच्या ज्या सेंटरवर मी सीटी काढते, तिथे फिल्म हातात पडली की नातेवाईक ती तिथल्या तिथे खिडकीच्या उजेडात धरतात. मग प्रश्न येतोच. "ताई, लिव्हर उजवीकडे असतं ना? यात तर डावीकडे दिसतंय." रिपोर्ट समजावणं डॉक्टरांचं काम, त्यात मी पडत नाही. पण दिशांचा हा घोळ मी उभ्या उभ्या सोडवून देते.

आडवा काप, म्हणजे रिपोर्टातला 'ॲक्सियल', नेहमी पायांकडून बघितल्यासारखा मांडतात. पेशंट उताणा, तुम्ही त्याच्या तळपायांशी उभे. त्याची उजवी कूस तुमच्या डाव्या हाताला येणारच. दादर पश्चिम कशी, तुम्ही चर्चगेटकडे तोंड करा नाहीतर विरारकडे, पश्चिमच राहते. रिपोर्टातलं राइट-लेफ्टही तसंच पेशंटच्या अंगाशी बांधलेलं असतं. साधारण दहा हजारांत एखाद्याचे छाती-पोटातले सगळे अवयव खरोखरच आरशातल्यासारखे उलटे असतात. म्हणून एक्स-रे काढताना कॅसेटवर शिशाचं 'आर' किंवा 'एल' अक्षर ठेवायचा कंटाळा केलेला मला अजिबात चालत नाही.

बाकीच्या दिशा ठरतात त्या एका ठरावीक पवित्र्यावरून: ताठ उभं, नजर समोर, हात बाजूला, तळवे पुढे. तळव्यांचं शिकाऊ पोरं हमखास विसरतात. तळवा पुढे केला की अंगठा बाहेरच्या बाजूला जातो, म्हणून अंगठ्याकडची बाजू लॅटरल, म्हणजे बाहेरची, आणि करंगळीकडची मेडियल, म्हणजे आतली. आता कोपर दुमडून तळवा वर करा, दुसऱ्या हाताने मनगटाच्या वरची हाडं धरा आणि तळवा हळूहळू पालथा करा. अंगठ्याकडचं हाड, रेडियस, दुसऱ्यावरून आडवं जाताना बोटांना कळतं. हात कसाही फिरवा, रिपोर्टात रेडियस लॅटरलच.

कंबरेच्या एमआरआयमध्ये उभा काप, सॅजिटल, बघून लोक घाबरतात, कारण मणक्यांमधली गादी मागे सरकलेली त्यात ठळक दिसते. नस डावी दबली की उजवी, हे नीट बघायला मात्र आडवा काप लागतो.

खरी गंमत पोकळ्यांची. "फुफ्फुसात पाणी झालंय" असं सगळेच म्हणतात, पण बहुतेक वेळा ते पाणी फुफ्फुसात नसतंच. फुफ्फुसावर एक पातळ आवरण, छातीच्या आतल्या भिंतीला दुसरं, आणि मधल्या फटीत एरवी जेमतेम ओलावा. ती प्लूरल पोकळी. पाणी साठतं ते तिथे. उभ्याने काढलेल्या समोरच्या एक्स-रेत बरगड्या आणि छाती-पोट वेगळं करणारा पडदा यांच्यामधला टोकदार कोपरा बोथट दिसायला साधारण २०० मिली पाणी लागतं. सोनोग्राफीत त्याहून बरंच कमी असलं तरी सापडतं. हे पाणी सुईने काढता येतं. हृदय थकल्यामुळे खुद्द फुफ्फुसाच्या फुग्यांमध्ये भरलेलं पाणी सुईने निघत नाही, त्याला लघवी वाढवणारी औषधं द्यावी लागतात. रिपोर्टात 'प्लूरल' लिहिलंय की नाही, हे म्हणूनच बघावं.

सुई घालतात तीही बहुधा पाठीकडून, बरगडीच्या वरच्या काठाला लागून. खालच्या काठाशी शीर, धमनी आणि नस अशा तिघी लपलेल्या असतात.

किडनीचंही असंच. "खडा पोटात आणि भोक पाठीत का पाडलं?" असं एका आजोबांनी मुलाला दरडावून विचारलं होतं. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. आतडी ज्या पिशवीत असतात तिच्या मागे, पाठीच्या स्नायूंना टेकून किडन्या असतात. पाठीतून दुर्बीण घातली की त्या पिशवीला हात न लावता खड्यापर्यंत पोचता येतं. आजोबांना पटलं. मग त्यांनी बिलाचं विचारलं, ते मात्र मी काउंटरवर ढकललं.