गठ्ठ्यापासून सुतापर्यंत: ग्राफ डेटाबेसमधील शोध

सोलापुरातून टॉवेलचा गठ्ठा बाहेरगावी जातो, तेव्हा त्याच्यामागे सुताचा लॉट, रंगाई, बीम (ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ), यंत्रमाग आणि शिलाई अशी लांब साखळी असते. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील काही कारखान्यांसाठी मी ही साखळी नियोफोरजे (Neo4j) या ग्राफ डेटाबेसमध्ये साठवतो; त्यात प्रत्येक वस्तू हा एक ‘नोड’ असतो आणि दोन वस्तूंमधील संबंध ही ‘जोडणी’. रंग सुटल्याची तक्रार आली की दोन प्रश्न उभे राहतात: या गठ्ठ्यातील सूत कोणत्या लॉटचे होते, आणि त्याच लॉटचा उरलेला माल कोठे गेला?

येथे प्रत्येक नोडच्या नोंदीवरून त्याच्या जोडण्यांपर्यंत थेट जाता येते. त्यामुळे शोधाचा खर्च एकूण साठ्यावर नव्हे, तर वाटेत किती जोडण्या तपासाव्या लागतात यावर ठरतो. इंडेक्सचे, म्हणजे शोधसूचीचे, मुख्य काम पहिला नोड सापडवून देण्याचे; म्हणून गठ्ठा क्रमांकावर इंडेक्स हवाच.

सुरुवातीला माझा शोध आवाक्याबाहेर जाई; त्यामागची खरी चूक मात्र वेगळी होती. मी प्रत्येक कारखाना ‘सोलापूर’ या एकाच नोडला जोडला होता आणि क्वेरीत, म्हणजे शोधाच्या आज्ञेत, जोडणीचा प्रकार, दिशा व पायऱ्यांची मर्यादा यांपैकी काहीही लिहिले नव्हते. साहजिकच शोध गठ्ठ्यावरून कारखान्याकडे, तेथून शहराच्या नोडवर आणि मग शहरातील प्रत्येक कारखान्यात पसरत गेला. क्वेरीपुढे ‘प्रोफाइल’ लावून पाहिले, तेव्हा कोणत्या टप्प्यावर मधल्या निकालांच्या ओळी फुगतात हे स्पष्ट दिसले. शहर हा कारखान्याचा साधा गुणधर्म केला, दिशा ठरवून दिली, आणि शोध आवाक्यात आला. अशा अतिगजबजलेल्या नोडची शंका मला आता आराखडा काढतानाच येते.

दोन्ही टोके ठाऊक असतील, तर शोध दोन्हीकडून चालवावा. प्रत्येक नोडला 50 जोडण्या आणि अंतर 6 पायऱ्यांचे धरले, तर एका बाजूने 50 चा सहावा घात, म्हणजे 1,562 कोटींहून अधिक वाटा होतात. दोन्हीकडून तीन-तीन पायऱ्या चालून मध्ये भेटल्यास प्रत्येकी 1,25,000, एकूण 2,50,000. सायफर या नियोफोरजेच्या क्वेरी भाषेतील सर्वांत लहान वाटेचा शोध सामान्यतः याच पद्धतीने चालतो.

याहूनही महत्त्वाचे म्हणजे, आपल्याला वाटा हव्यात की केवळ पोहोचलेले नोड, हे आधी ठरवावे. एकाच लॉटचे सूत चार बीमांतून दहा मागांवर जाते, तेव्हा वाटांची संख्या गुणाकाराने वाढते, गठ्ठे मात्र तेवढेच राहतात. तक्रारीच्या वेळी कारखानदाराला गठ्ठ्यांचीच यादी हवी असते, म्हणून मी टप्प्याटप्प्यावर पुनरावृत्ती काढून टाकतो: आधी वेगळे बीम, मग वेगळे माग, मग गठ्ठे. एप्रिल 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जीक्यूएल या ग्राफ डेटाबेससाठीच्या आंतरराष्ट्रीय मानक क्वेरी भाषेत वाटेवर नोड किंवा जोडणी पुन्हा येऊ द्यावी की नाही हे शब्दांत सांगता येते. दुरुस्तीसाठी कारखान्यात परत आलेला माल साखळीत वळसा निर्माण करतो, तेथे मला ही सोय फार मोलाची वाटते.