भाच्याची दहा मिनिटं

माझा भाचा फोंड्याजवळच्या एका कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे. म्हणजे बाकावर आहे. दुसऱ्या वर्षाला शिकतो, गार्ड खेळतो, म्हणजे बॉल वर आणून खेळ चालवणारा, आणि यंदा त्याला जास्त खेळायला मिळेल का या विषयावर गणेशचवथीपासून आमच्या घरात परिषदा भरताहेत. ताईच्या मते कोच सर पक्षपाती. भाऊजींच्या मते अभ्यास महत्त्वाचा. आमचे बाबा जुने फुटबॉलवाले, त्यांच्या लेखी बाकावर बसलेला पोरगा म्हणजे नापास. फुटबॉलच्या मॅचमध्ये एकदा बाहेर आलेला परत आत जात नाही, तेव्हा त्यांना तसं वाटणारच. बास्केटबॉलमध्ये तोच खेळाडू हवा तितक्या वेळा आत-बाहेर करू शकतो, हे त्यांना पटवायचा नाद मी सोडलाय.

मी बरीच वर्षं टेबलावर बसतो, स्कोअरशीट लिहितो. भाच्याची मॅच असली की टेबलावर बसत नाही, कारण गोव्यात कोण कोणाचा मामा हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रेक्षकांत बसतो, पण हात गप्प राहत नाही, मांडीवर वही चालूच. शीटवर सुरुवातीच्या पाच जणांच्या फुलीभोवती गोल करतात. बदली खेळाडू पहिल्यांदा आत आला की त्याच्यापुढे नुसती फुली. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला पेन लाल, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं. कोण किती मिनिटं खेळला हे शीटवर कुठेच येत नाही. तरी माणसाची किंमत त्या फुलीवरून कळते. भाच्याची फुली गेला सीझनभर निळी, तीही चौथ्या क्वार्टरची. म्हणजे मॅच जिंकून झालेली, नाहीतर हातची गेलेली.

ताईला मी हिशेब मांडून दाखवला. 10 मिनिटांचे 4 क्वार्टर, कोर्टवर पाच जण, एकूण 200 मिनिटं वाटायची. पहिल्या पाचांना सरासरी 32 दिली तरी 160 तिथेच संपली. उरलेल्या 40 मधली वीसेक सहावा घेतो, बारा-तेरा सातवा. टीममध्ये बारा पोरं. शेवटच्या पाचांनी सात-आठ मिनिटं आपसात वाटून घ्यायची. यात पक्षपात कुठे आला? चुरशीच्या मॅचमध्ये कुठलाही कोच सात-आठ जणांपलीकडे जात नाही. तेव्हा प्रश्न एवढाच, की आमचा पोरगा नववा आहे तो सातवा कसा होणार.

वाट आहे, आणि ती दुसऱ्या क्वार्टरमधून जाते. पहिला गार्ड तिसऱ्या वर्षाचा, बॉल हातात असला की देखणा खेळतो, पण बचावात त्याला हात घालायची खोड. पहिल्या दहा मिनिटांत त्याचे दोन फाऊल झाले की सर त्याला बसवतात, कारण पाचव्या फाऊलला माणूस उरलेल्या मॅचसाठी बाद. मग चार-पाच मिनिटं कोणीतरी टीम सांभाळायची असते. नुसती सांभाळायची. बास्केट नको, थ्री पॉइंटर तर अजिबात नको. बॉल वर आणायचा, योग्य माणसाला द्यायचा आणि आपल्या माणसाला मोकळं सोडायचं नाही.

इथेच भाचा मार खातो. आत गेला की त्याला दोन मिनिटांत वर्षभराचं सगळं दाखवायचं असतं. मागून बॉल काढायला जातो, शिट्टी. एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाऊल झालेले असले की बचावातल्या पुढच्या फाऊलला समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणजे याच्या उत्साहाचे दोन पॉइंट फुकट गेले. दुसरं, समोरच्यांनी प्रेस लावला, म्हणजे कोर्टभर अंगाशी येऊन अडवलं, तरी आठ सेकंदांत बॉल मधल्या रेषेपलीकडे न्यावा लागतो. याची उजवी बाजू अडवली की डाव्या हाताने ड्रिबल करायचं सोडून हा पाठ फिरवतो. मग साइडलाइन आणि मधली रेषा यांच्या कोपऱ्यात दोघांनी गाठलं की खेळ खलास. हे मला वर बसून दिसतं, तर सरांना दिसत नसेल?

भाच्याचं उत्तर तयार असतं, "मामा, जिनोबिलीसुद्धा बाकावरूनच यायचा." खरं आहे. 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकचं सुवर्ण मिळवलेल्या अर्जेंटिनाचा तो हुकमी खेळाडू, आणि 2008 मध्ये एनबीए या अमेरिकन लीगचा सर्वोत्तम सहावा खेळाडू, म्हणजे बाकावरून येणाऱ्यांतला सर्वोत्तम, ठरला. पण बाबा रे, तो मॅच बाकावरून सुरू करायचा, शेवटच्या मिनिटांत मात्र बॉल त्याच्या हातात असायचा. तुझं उलट आहे. मॅच संपली की तुझी सुरू होते.

आता खरी गोम सांगतो, जी घरात कोणी बोलत नाही. सर प्रॅक्टिसच्या शेवटच्या अर्ध्या तासात पाच-पाच जणांची मॅच खेळवतात. कोण दबावात कसा वागतो ते त्यांना तेव्हाच कळतं. आणि भाचा नेमका त्याआधी बॅग उचलतो, कारण घर धारबांदोड्याच्या पुढे, तिथून आत गावात. हायवेपर्यंतची बस मिळेलही, पण आत जाणारी उशिराची बस चुकली की भाऊजींना स्कूटर काढावी लागते. म्हणजे सरांनी त्याला लेअप मारताना पाहिलंय, पासिंग करताना पाहिलंय, खेळताना फारसं पाहिलेलंच नाही. जो कधी पूर्ण प्रॅक्टिसला थांबत नाही त्याला कोण मिनिटं देईल? मी तरी दिली नसती.

घाई याची की पुढच्या वर्षी पहिला गार्ड जाईल, जागा रिकामी होईल, असं भाचा धरून चाललाय. पण यंदा बारावी करून आलेला एक पोरगा आहे. याच्याहून चार बोटं उंच, आणि दोन्ही हातांनी ड्रिबल करतो. मी त्याला एकदाच पाहिलंय, तेवढं पुरे.

तेव्हा ठरलंय असं. पाऊस ओसरला, उघड्या सिमेंटच्या कोर्टवर प्रॅक्टिस रोज सुरू झाली की सोमवार ते गुरुवार भाचा फर्मागुडीला माझ्याकडे राहणार. रात्री आठला आला तरी चालेल, जेवण झाकलेलं असेल. सकाळी कॉलेजला जाण्याआधी अर्धा तास आमच्या अंगणात फक्त डाव्या हाताने ड्रिबल. शेजारच्या काकू आवाजाबद्दल बोलणार आहेत, त्यांना मी बघून घेतो. माझा अंदाज, हे दोन महिने टिकलं तर सीझनच्या अर्ध्यापर्यंत मॅचमागे आठ-दहा मिनिटं मिळतील. वीस नाही. वीसच्या गोष्टी त्याने करूच नयेत.

भाऊजींची अट हजेरीची आणि इंटर्नल परीक्षेची, ती रास्त आहे. ताई शेवटी तयार झाली, पण तिची समजूत अशी की मी दरम्यान सरांना फोन करणार आहे. मी करणार नाही. तिला हे सांगायचं काम भाच्यावर सोपवलंय.