तंगुसाला टांगलेली तुरटी

शाळेच्या अमृतमहोत्सव समितीचं लेख मागणारं पत्र आलं, मी त्याच दिवशी होकार कळवला आणि मग पंचाईत झाली. ‘शाळेच्या आठवणी आणि आपली वाटचाल’ असं दोन्ही हवं होतं. मला तर शाळा म्हटलं की सर आठवतात, बाकी सगळं धूसर. नाव लिहीत नाही. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेचे सर म्हटल्यावर आमच्या पिढीतल्या कुणाला विचारावं लागणार नाही.

आठवीच्या हिवाळ्यात सरांनी मोठा स्फटिक वाढवायला घेतला. पुस्तकात मोरचूद होता, सरांनी तुरटी निवडली. मोरचूद विषारी, आणि पोरं हात धूत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नाशिकच्या रविवार कारंज्यावरून तुरटी आणली, गरम पाण्यात विरघळवून गाळली. बशीत थोडं द्रावण ठेवलं, त्यात खडे धरले. भिंगातून पाहून आठही बाजू नीट असलेला एकच खडा सरांनी उचलला. हे आपलं बी. सुती दोऱ्याला बांधून ते बीकरात सोडलं. सोमवारी येऊन पाहतो तर दोऱ्यावर वरपासून खालपर्यंत खडेच खडे, आणि आमचं बी त्यात कुठेतरी हरवलेलं.

सर चिडले नाहीत, उलट खूश दिसले. म्हणाले, “सुताला केस असतात रे. प्रत्येक केसावर न बोलावलेला पाहुणा येऊन बसतो, आणि यजमान उपाशी.” मग वर्गाला विचारलं, मासे कोण धरतं? गंगापूर धरणाकडून येणाऱ्या एका मुलाने दुसऱ्या दिवशी खिशातून तंगुसाची, म्हणजे गळाच्या नायलॉन दोऱ्याची, गुंडाळी काढली. गुळगुळीत तंगुसावर एकही फालतू खडा धरला नाही.

पुढची अडचण थंडीची. निफाडचा पारा पेपरात छापून यायचा ते दिवस. रात्री द्रावण झपाट्याने गार झालं की तळाशी बारीक चुरा पडायचा, आणि दुपारी खिडकीतलं ऊन बीकरावर आलं की बी झिजायचं. सरांनी द्राक्षाची रिकामी पेटी आणली, भुसा भरला, बीकर त्यात पुरला. सुपारीएवढा स्वच्छ स्फटिक झाला. त्या पेटीला कुणी हात लावला की सरांचा आवाज पार मैदानात ऐकू जायचा.

आता वाटचाल. मी कॅडमियम झिंक टेल्युराइडचे स्फटिक वाढवते. हा सेमीकंडक्टर गॅमा किरण साध्या खोलीच्या तापमानाला टिपतो. जर्मेनियमच्या शोधकाला, म्हणजे किरण टिपणाऱ्या डिटेक्टरला, त्यासाठी सहसा द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवावं लागतं. नुसतं कॅडमियम टेल्युराइडच १०९२ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त मिसळलं की आणखी वर. क्वार्ट्झच्या नळीत निर्वात करून सील करायचं, भट्टीत वितळवायचं आणि नळी तासाला मिलिमीटर-दोन मिलिमीटर अशा चालीने थंड भागाकडे उतरवायची. ब्रिजमन पद्धत म्हणतात हिला. घाई केली की एका स्फटिकाऐवजी अनेक दाणे. नळीच्या आतल्या भिंतीला कार्बनचा पातळ लेप देतात, म्हणजे वितळलेला माल काचेला चिकटत नाही आणि भिंतीवरून नको तिथे दाणे धरत नाहीत. आमच्या मार्गदर्शकांनी पहिल्यांदा हा लेप दाखवला तेव्हा मला कारण समजावून सांगावं लागलं नाही. शोधनिबंध, पेटंट वगैरे बायोडेटात आहे, ते इथे नको.

२८ सप्टेंबर २०१५ ला ॲस्ट्रोसॅट हा भारताचा खगोलनिरीक्षण उपग्रह उडाला. त्यावरच्या एका उपकरणात याच पदार्थाचे ६४ शोधक आहेत, प्रत्येक ५ मिलिमीटर जाड. मी उत्साहाने सरांना फोन केला. निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती, तरी पहिला प्रश्न: “त्यातले स्फटिक आपण वाढवलेले का?” नाही सर, बाहेरून घेतलेत. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, “मग तू काय करतेस?” इतका नेमका प्रश्न मला कुठल्याही निवड समितीने विचारलेला नाही. माझ्या पुढच्या सगळ्या कामाला खरं तर तोच कारण आहे.

सर आम्हाला पांडवलेण्यांकडच्या दगडखाणींतही न्यायचे. काळ्या बसाल्टच्या पोकळीतली स्फटिकी खनिजं: हिरवट अपोफिलाइट, शेजारी स्टिल्बाइट. हातात घेऊन बघायचं. आता असे नमुने सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड दिसतात. तेही छानच आहे, पण खाणीतल्या धुळीत स्वतः शोधण्याची मजा वेगळी.

गेल्या वर्षी मी शाळेत आले होते. प्रयोगशाळेत संगणक मांडलेत, बेसिन बंद, कपाटाला कुलूप. मुलं स्फटिकाचा व्हिडिओ पाहतात. संगणकाला माझा विरोध नाही, माझी भट्टीही संगणकच चालवतो. पण नववीच्या एका मुलीने विचारलं, मॅडम, तुरटी म्हणजे दाढीची ना?

समितीला एवढंच कळवते: माझी देणगी प्रवेशद्वाराच्या कमानीत घालू नये. पावतीवर ‘प्रयोगशाळेचे बेसिन व नळ’ असं स्पष्ट लिहून द्यावं. तुरटी, तंगूस आणि भुसा मी स्वतः घेऊन येईन.