राजवाड्यातलं गॅदरिंग

साताऱ्यात कुणी ‘राजवाड्यावर भेटू’ म्हणालं की निम्म्या गावाला चौपाटीवरची भेळ आठवते. आम्हाला शाळा आठवते. कागदोपत्री छत्रपती प्रतापसिंह महाराज हायस्कूल, आमच्या तोंडी नुसतं ‘प्रतापसिंह’. शाळा जिल्हा परिषदेची, त्यामुळे रिक्षावाल्याचा, भाजीवालीचा आणि हवालदाराचा पोरगा एकाच बाकावर. ज्यांचं नाव शाळेला आहे त्या प्रतापसिंहांना इंग्रजांनी १८३९ मध्ये गादीवरून उतरवून काशीला धाडलं आणि १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्यच खालसा करून टाकलं. पुढे राजांच्या जुन्या वाड्यात शाळा भरू लागली. आमचे इतिहासाचे सर म्हणायचे, “ज्यांनी राजाला हाकललं त्यांच्या सनावळ्या तुम्ही राजाच्याच घरात बसून घोकताय, निदान पाठ तरी नीट करा!”

दिवाळीची सुट्टी संपली की अभ्यासाचं वारं पडायचं आणि गॅदरिंगचं सुटायचं. पत्रिकेवर ‘वार्षिक स्नेहसंमेलन’ छापायचे, पण घरी जाऊन तसं म्हणणारा एकही पोरगा मी पाहिला नाही. नाचात नाव आलं की शेवटचे दोन तास माफ, हे खरं आकर्षण. कोळीगीत ठरलेलं, पोवाडा ठरलेला. पोवाड्यातल्या मावळ्यांना काजळाच्या मिशा काढायच्या. घाम आला की त्या हनुवटीपर्यंत उतरायच्या आणि अफझलखानाला शेवटपर्यंत हसू आवरायचं नाही. नाटकातल्या राणीची पैठणी कुणाच्या तरी आईच्या लग्नातली. ती माऊली पहिल्या रांगेत बसून नाटक कमी आणि पदर कुठे खिळ्याला अडकतो का हे जास्त बघायची.

प्रमुख पाहुणे कुणीही असोत, भाषणाची गाडी ७ नोव्हेंबर १९०० या स्टेशनावर थांबल्याशिवाय पुढे जायची नाही. त्या दिवशी सुभेदार रामजी आंबेडकरांचा मुलगा इथे इंग्रजी पहिलीत दाखल झाला. तेव्हा हे सरकारी हायस्कूल होतं. रजिस्टरमध्ये १९१४ या क्रमांकासमोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद आहे. १९०४ पर्यंत तो इथे शिकला, मग मुंबईला गेला. साताऱ्यात हा दिवस शाळा प्रवेश दिन म्हणून आधीपासून साजरा व्हायचा. २०१७ पासून सरकारनं तो राज्यभर ‘विद्यार्थी दिवस’ केला. आता सगळीकडे निबंध आणि वक्तृत्व स्पर्धा होतात.

पाहुण्यांचं एक मला खटकायचं. रजिस्टरवरून ते थेट राज्यघटनेवर उडी मारायचे. मधला नऊ वर्षांचा पोरगा कुठे जायचा कोण जाणे! साताऱ्याच्या शाळेत आपल्याला कोपऱ्यात वेगळं बसावं लागे, बसायचं गोणपाट रोज घरून आणावं आणि संध्याकाळी परत न्यावं लागे, कारण शाळा झाडणारा नोकरही त्याला हात लावत नसे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. हे मला भाषणातून नाही, सतरंज्यांमुळे कळलं. कार्यक्रम संपला की सतरंज्या झटकून, गुंडाळून खोलीत रचायचं काम नववीकडे असायचं. आम्ही कुरकुरत होतो. तेव्हा एका बाईंनी सतरंजीचं दुसरं टोक स्वतः धरलं आणि झटकता झटकता ही हकिकत सांगितली. शाळेत ऐकलेल्या भाषणांतलं एकही वाक्य आज आठवत नाही, बाईंचा तो धुळीनं भरलेला आवाज आठवतो.

बाकी पोरांचा जीव अडकलेला असायचा तो फिशपॉन्डमध्ये, म्हणजे कुणाची तरी फिरकी घेणाऱ्या निनावी चिठ्ठ्यांमध्ये. बुटाच्या रिकाम्या खोक्याला वरून चीर पाडायची, घोटीव कागद चिकटवायचा आणि खोकं आठवडाभर व्हरांड्यात ठेवायचं. चिठ्ठ्यांची आधी चाळणी व्हायची. फार तिखट त्या गुपचूप गायब. तरी गणिताच्या सरांना एका वर्षी मिळालाच : “सर, तुमचा क्ष आठवीपासून सापडत नाही, शाहूपुरी पोलिसांत कळवू का?” सरांनी तो स्वतः माईकवर वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “कळवा. वर्णन मात्र तुम्हाला देता आलं पाहिजे.” टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या. आता फिशपॉन्डला मुलांचा अपमान म्हणून नाकं मुरडतात. काही चिठ्ठ्या लागायच्या, हे खरंच. काळ्या-जाड्यावरून लिहिलेल्या तर चाळणीतून सुटायलाच नको होत्या. पण वर्षातून एकदा सरांची फिरकी घ्यायची मुभा पोरांना हवी, या मताचा मी अजूनही आहे.

बक्षीस समारंभ लांबायचाच. डिसेंबरातला अजिंक्यताऱ्यावरचा वारा मांडवाच्या कनातीतून आत घुसायचा, पालक मफलरी घट्ट करायचे, आणि अहवालवाचन संपता संपायचं नाही. पाहुण्यांना नारळ आणि कंदी पेढ्यांचा पुडा. पोरांना चिवड्याची पुडी. ती मांडवातच संपायची.

आमच्या बॅचचा आता मेळावा भरतो. शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो, दुपारी पंगत. गणिताचे सर दोनदा आले होते. दुसऱ्या खेपेला त्यांनी जेवता जेवता विचारलंच, “ती क्षची चिठ्ठी कुणाची रे?” चौघांनी हात वर केला. भांडण अजून व्हॉट्सअॅपवर चालू आहे.