नोड-रेडवर पहिली वेब सेवा: माझ्या तीन संध्याकाळी कुठे गेल्या

आमच्या दूध संस्थेचं दरपत्रक बदललं की ते तीन ठिकाणी बदलावं लागायचं: संकलनाच्या संगणकात, ऑफिसातल्या एक्सेलमध्ये आणि बाहेरच्या फळ्यावर. गेल्या उन्हाळ्यात दोन ठिकाणी नवा दर आणि एका ठिकाणी जुना, असं चार दिवस चाललं. दहा दिवसांचं बिल काढताना 31 जणांच्या हिशोबात फरक निघाला आणि तो मी रात्री बसून हाताने काढला. तेव्हाच ठरवलं की दर एकाच जागी ठेवायचा आणि बाकी सगळ्यांनी तिथून विचारून घ्यायचा. फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक) द्या, लिटरचा दर घ्या. एवढीच वेब सेवा हवी होती.

मी प्रोग्रामर नाही, संस्थेचे हिशोब लिहितो. जावास्क्रिप्ट वाचून समजतं, लिहिताना अडखळतो. म्हणून नोड-रेड हे कमीत कमी कोड लिहून प्रोग्राम जोडायचं साधन घेतलं. 2013 साली आयबीएममधल्या निक ओ'लीरी आणि डेव्ह कॉनवे-जोन्स या दोघांनी ते सुरू केलं. फुकट आहे, आणि ब्राउझरमध्येच चौकोन, म्हणजे नोड, मांडून ते तारांनी जोडत जायचं. मागणी आत येते तो 'एचटीटीपी इन' नोड, उत्तर बाहेर जातं तो 'एचटीटीपी रिस्पॉन्स' नोड, मधे आपलं काम. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ते बसवायला, 1880 नंबरच्या पोर्टवर उघडायला आणि दरपत्रक एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये भरायला एक रविवार पुरला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते त्यानंतरच्या तीन संध्याकाळींबद्दल.

माझा फ्लो, म्हणजे जोडलेल्या नोडची साखळी, पाच नोडचा होता. एचटीटीपी इन, मग फॅट-एसएनएफ तपासणारा फंक्शन नोड (यात आपली जावास्क्रिप्ट लिहायची), मग डेटाबेस, मग उत्तराची मांडणी करणारा दुसरा फंक्शन नोड, शेवटी एचटीटीपी रिस्पॉन्स. फ्लो चालू करणारं डिप्लॉय बटण दाबलं. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला, फॅट 6.5, एसएनएफ 9.0. आणि ते गोल चक्र फिरायला लागलं. चूक दाखवत नाही, नकार देत नाही, कोरं पानही येत नाही, नुसतं फिरतंय. चहा पिऊन आलो तरी फिरतंय.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर याचा. डिबगच्या खिडकीत, जिथे आतले संदेश दिसतात, दर बरोबर दिसत होता! दुसऱ्या फंक्शन नोडला मी डिबग नोड जोडला होता आणि पत्ता उघडला की तिथे लगेच बरोबर आकडा उमटायचा. म्हणजे मागणी पोचतेय, डेटाबेस उत्तर देतोय, हिशोब होतोय, आणि शेवटच्या एका तारेवर सगळं गायब. तार तर डोळ्यांसमोर जोडलेली दिसत होती.

पहिली संध्याकाळ वाय-फाय आणि फायरवॉलवर गेली. दुसऱ्या दिवशी डेटाबेस लॉक झाला असेल म्हणून तो नव्याने बनवला, मेमरी कार्ड बदललं, सगळं पुन्हा बसवलं. तरी चक्र तसंच. अण्णा, आमचे सचिव, संकलन आटोपून घरी निघताना दारातून विचारायचे, "काय, आलं का उत्तर?" आणि मी मान हलवायचो. चिडचिड इतकी झाली होती की सगळं सोडून पुन्हा एक्सेलकडे जायचं जवळजवळ ठरलं होतं.

तिसऱ्या संध्याकाळी मधले सगळे नोड काढून टाकले. एचटीटीपी इनची तार थेट रिस्पॉन्सला. उत्तर क्षणात आलं. मग एकेक नोड परत आत घेत गेलो आणि दर वेळी पत्ता उघडून पाहिला. पहिलं फंक्शन, ठीक. डेटाबेस, ठीक. दुसरं फंक्शन आत आलं आणि चक्र फिरायला लागलं. मग त्या नोडच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन डिबग नोड लावले आणि दोन्हींत नुसत्या पेलोडऐवजी (संदेशातला मुख्य मजकूर) पूर्ण संदेश दाखवायचा पर्याय निवडला. आधीच्या संदेशात पेलोड होता, 'रेक' (आलेली मागणी) होता, 'रेस' होता. नंतरच्यात फक्त पेलोड आणि संदेशाचा आयडी.

तो 'रेस' म्हणजे उत्तर ज्या जोडणीवरून परत जायचं ती जोडणी. ती एचटीटीपी इनमध्ये संदेशाला चिकटते आणि संदेशाबरोबरच प्रत्येक नोडमधून पुढे जाते. मी दुसऱ्या फंक्शनच्या शेवटी महिरपी कंसात नवाच संदेश बनवून, त्यात फक्त पेलोड घालून, तो परत पाठवला होता. दूध संकलनातल्या माणसाला हे लगेच कळेल: नमुन्याच्या बाटलीवरचा नंबर पुसला, तर फॅट बरोबर लागतं पण दूध कुणाचं ते सांगता येत नाही. बदल दोन ओळींचा. उत्तर 'एमएसजी डॉट पेलोड'मध्ये भरायचं आणि शेवटी आलेला 'एमएसजी', म्हणजे मूळ संदेशच, परत द्यायचा. पत्ता उघडला आणि पानावर दर आला. मी खुर्चीतून उठून ऑफिसात एक फेरी मारली.

नोड-रेड याची सूचना देतं, हे नंतर कळलं. रिस्पॉन्स नोडला 'रेस' सापडला नाही की 'नो रिस्पॉन्स ऑब्जेक्ट' अशी ताकीद डिबगच्या खिडकीत येते. मला ती का दिसली नाही? कारण मी सुरुवातीला हाताने संदेश सोडणाऱ्या इंजेक्ट नोडचं बटण दाबून तपासणी करत होतो. इंजेक्टने सुरू केलेल्या संदेशाच्या मागे कुणी विचारणारा नसतोच, त्यामुळे ती ताकीद दर वेळी यायची. ती नेहमीचीच म्हणून मी डिबगच्या गाळणीत (फिल्टरमध्ये) फक्त निवडलेले नोड ठेवले आणि तिला नजरेआड केलं. खरी गरज होती तेव्हाही ती तिथेच अडली. म्हणून कळकळीने सांगतो, इंजेक्टने फक्त मधला हिशोब तपासा, सेवा तपासायची तर खऱ्या पत्त्यानेच. आणि काही अडलं तर आधी ती गाळणी 'सगळे नोड'वर आणा. रास्पबेरी पायवर 'नोड-रेड-लॉग' ही आज्ञा दिली तर तिथेही ताकीद लिहिलेली असते.

चक्र आणखी एकदा फिरलं, पण तेव्हा वीस मिनिटांत पकडलं. पत्त्यातून आलेला आकडा हा आकडा नसतो, अक्षरं असतात. कुणी 6 पाठवलं आणि दरपत्रकात 6.0 असं लिहिलेलं असलं की ओळ सापडत नाही. रिकामी यादी पुढच्या फंक्शनमध्ये गेली, तिथे चूक झाली आणि संदेश तिथेच थांबला. आता आत येतानाच फॅट आणि एसएनएफचं संख्येत रूपांतर करून दशांशाचं एक स्थळ पक्कं करतो. शिवाय कुठे चूक झाली की ती पकडणारा एक कॅच नोड ठेवलाय. त्यात मूळ संदेश 'रेस'सकट येतो, म्हणून त्याला 500 हा स्टेटस (सर्व्हरमध्ये चूक झाली, अशी खूण) देऊन दुसऱ्या रिस्पॉन्स नोडला जोडला. चूक झाली तरी विचारणाऱ्याला काहीतरी उत्तर मिळालं पाहिजे. कॅच नोड मी पहिल्या दिवशीच ठेवायला हवा होता.

हे आधी सांगायचं राहिलं: बसवल्यावर नोड-रेडच्या एडिटरला पासवर्ड नसतो. त्याच वाय-फायवरचा कुणीही 1880 उघडून तुमचा दर बदलू शकतो. सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'अ‍ॅडमिन ऑथ' चालू करा. त्याने फक्त एडिटरला कुलूप लागतं, सेवेच्या पत्त्यांसाठी 'एचटीटीपी नोड ऑथ' वेगळं आहे. आम्ही दोन्ही लावलेत, आणि रास्पबेरी पाय बाहेरच्या इंटरनेटला उघडा केलेला नाही.

आणि बॅकअप घेताना नुसती फ्लोची फाइल उचलू नका. नोडमध्ये भरलेले पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये कुलूपबंद असतात. 'क्रेडेन्शियल सिक्रेट' तुम्ही स्वतः ठरवलं नसेल तर त्याची किल्ली नोड-रेड आपोआप बनवतं आणि ती मशीनवरच राहते. ते सिक्रेट मी सेटिंग्जमध्ये लिहून ठेवलंय आणि एक प्रत अण्णांच्या कपाटात, दरपत्रकाच्या फाइलमध्ये लावलीय.

परवा नवा दर आला. एका जागी भरला. फळ्यावर मात्र अजून खडूनेच लिहितो, पण लिहिण्याआधी मोबाइलवर सेवेला विचारतो.