आता जुळारी आपणच: छापील पुस्तकांच्या वाचकासाठी ई-रीडर

छापील पुस्तकांवर जीव असलेला माणूस ई-रीडर हातात घेतो आणि पहिल्या दहा मिनिटांत हिरमुसतो. पान ओकंबोकं दिसतं, शब्दांमध्ये खिंडारं पडलेली असतात, अक्षर परकं वाटतं. मग दोष यंत्राला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. छापील पुस्तकात अक्षराचा घाट, ओळीची लांबी, दोन ओळींमधलं अंतर, समास हे सगळं कुणीतरी विचारपूर्वक ठरवलेलं असतं. जुन्या छापखान्यात ते शेवटी जुळाऱ्याच्या, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याच्या हातून पानावर उतरायचं. ई-रीडरवर ती जागा रिकामी असते आणि यंत्र तिथे सरसकट एकच मांडणी बसवतं. ती मांडणी बदलायचा हक्क आपल्याला दिलेला आहे, तो पहिल्याच दिवशी वापरायला हवा.

त्याआधी स्क्रीनबद्दल थोडं. ई-रीडरच्या स्क्रीनला ई-इंक म्हणतात. तिच्यात केसाच्या जाडीच्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीतल्या पारदर्शक द्रवात पांढरे आणि काळे कण तरंगतात, आणि दोघांवर विरुद्ध विद्युतभार असतो. खालून ज्या प्रकारचा भार दिला जाईल त्यानुसार पांढरे किंवा काळे कण वर येतात आणि तिथेच थांबतात. म्हणून पान उलटतानाच वीज लागते, ते दाखवत ठेवायला लागत नाही. कागदासारखीच ही स्क्रीन बाहेरचा उजेड परतवते, त्यामुळे भर उन्हात ती जास्त स्पष्ट दिसते. रात्रीच्या वाचनासाठी असलेले एलईडी कडेला बसवलेले असतात आणि त्यांचा उजेड स्क्रीनवर आडवा पसरून मग डोळ्यांकडे येतो. मोबाइलसारखा तो मागून डोळ्यांवर येत नाही. पण हा उजेड खोलीपेक्षा जास्त प्रखर ठेवला तर कागदाचा भास नाहीसा होतो. आजूबाजूला ठेवलेल्या खऱ्या कागदाइतकंच पान उजळ दिसेल एवढाच तो ठेवावा.

मराठी वाचायचं असेल तर इंचाला ३०० ठिपक्यांपेक्षा कमी घनतेची स्क्रीन घेऊ नये. जुन्या यंत्रांत १६७ किंवा २१२ ठिपके असत. इंग्रजी अक्षर त्यात निभावून जातं, पण ‘द्ध’ आणि ‘ध्द’, ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ यांतला फरक ओळखताना डोळे ताणावे लागतात. रंगीत ई-रीडरचा मोह होतो. त्याच्या स्क्रीनवर रंगाच्या गाळणीचा एक जादा थर असतो, त्यामुळे पानाचा पांढरेपणा उतरतो. शिवाय सध्याच्या कॅलिडो ३ या प्रकारात काळी अक्षरं ३०० ठिपक्यांची असली तरी रंग १५० ठिपक्यांतच उमटतात. कादंबऱ्या आणि चरित्रं वाचणाऱ्याला कृष्णधवल यंत्रच लाभेल असं माझं ठाम मत आहे.

आता जुळाऱ्याचं काम. सुरुवात फॉन्टपासून. टिरो देवनागरी मराठी हा फुकट मिळणारा फॉन्ट मुळात पुस्तकाच्या मजकुरासाठीच घडवलेला आहे आणि त्यात पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ आपल्या वळणाचे आहेत. अक्षर परकं का वाटतं याचं उत्तर अनेकदा या दोन अक्षरांतच असतं, कारण बऱ्याच फॉन्टांत ती हिंदी वळणाची असतात. नोटो सेरिफ देवनागरी आणि मुक्ता हेही चांगले पर्याय आहेत. यंत्र केबलने संगणकाला जोडायचं. किंडल या ॲमेझॉनच्या ई-रीडरमध्ये ‘फॉन्ट्स’ नावाचं फोल्डर तयार असतं, कोबो या ई-रीडरमध्ये ते सगळ्यात वरच्या पातळीवर त्याच इंग्रजी नावाने आपण करायचं. त्यात फॉन्टची टीटीएफ किंवा ओटीएफ फाइल टाकायची, यंत्र रीतसर ‘इजेक्ट’ करून केबल काढायची. एकाच फाइलीत सगळ्या जाडी सामावणारे ‘व्हेरिएबल’ फॉन्ट ई-रीडरवर दगा देऊ शकतात. रेग्युलर आणि बोल्डच्या वेगळ्या फाइली घ्याव्यात. फॉन्ट टाकूनही काही बदललं नाही, तर पुस्तक प्रकाशकाच्या फॉन्टवर अडकलेलं असतं. अक्षरांच्या मेनूत जाऊन तो बदलावा लागतो.

फॉन्ट बसला की एक चाचणी घ्या. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द एका ओळीत लिहून ती फाइल यंत्रावर उघडा. पहिल्यात रफार डोक्यावर हवा, दुसऱ्यात ‘या’ला चिकटलेली आडवी चंद्रकोर हवी. दोन्ही शब्द सारखे दिसले तर समुद्र आणि डोंगरांमधल्या खोलगट जागा यांतला फरकच पुसला जातो, आणि ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’, ‘वाऱ्यावर’ असे शेकडो शब्द चुकीचे वाचावे लागतात. काही वेळा दोष फॉन्टचा असतो, काही वेळा फाइल तयार करणाऱ्याने अक्षर टाइपच चुकीचं केलेलं असतं. फॉन्ट बदलूनही शब्द सुधारला नाही तर चूक फाइलीत आहे.

मग ओळ. अक्षराचा आकार असा ठेवावा की एका ओळीत साधारण सहा ते आठ शब्द मावतील. सहा इंची स्क्रीनवर त्यापेक्षा जास्त कोंबले तर डोळा पुढच्या ओळीची सुरुवात चुकतो. दोन ओळींमधलं अंतर इंग्रजीसाठी ठरवलेलं असतं. देवनागरीत वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय, त्यामुळे ते एक-दोन पायऱ्यांनी वाढवावंच लागतं. सर्वांत मोठा फरक पडतो तो दोन्ही कडा सरळ करण्याची सोय बंद केल्याने. छापील पुस्तकात ती छान दिसते, कारण तिथे ओळ लांब असते आणि कुणीतरी नजर ठेवून शब्द सावरलेले असतात. अरुंद स्क्रीनवर ‘परिस्थितीप्रमाणेच’सारखा लांब शब्द ओळीत मावला नाही की तो अख्खा खाली जातो, आणि वर उरलेल्या चार शब्दांमध्ये भली मोठी अंतरं पडतात. डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवली की पान शांत दिसतं.

एवढं सगळं चालतं ते ईपबसारख्या फाइलींवर. ईपब म्हणजे आत वेबपानांसारखा वाहता मजकूर असलेली झिप केलेली फाइल, म्हणून अक्षर मोठं केलं की मजकूर पुन्हा नव्याने बसतो. पीडीएफ म्हणजे छापलेल्या पानाचा साचा, त्यात काही हलत नाही. मराठी वाचकाची खरी अडचण इथे सुरू होते, कारण आपल्याकडची कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्येच आहेत.

सहा इंची स्क्रीन प्रत्यक्षात सुमारे ३.६ इंच रुंद आणि ४.८ इंच उंच असते. डेमी आकाराचं पुस्तक ५.५ बाय ८.५ इंचांचं. पूर्ण पान बसवलं तर ते ५६ टक्क्यांवर येतं, म्हणजे १२ पॉइंटचं अक्षर सातच्याही खाली घसरतं. ते वाचणं शिक्षाच आहे. समास कापून टाकले आणि मजकूर ४.२५ बाय ७ इंचांचा धरला, तर अक्षर आठ पॉइंटच्या आसपास येतं. यंत्र आडवं धरून रुंदी भरली तर ते मूळ छपाईपेक्षाही थोडं मोठं दिसतं, मात्र एक पान दोन-अडीच टप्प्यांत वाचावं लागतं. चांगल्या पीडीएफसाठी ही आडवी पद्धत मला सर्वांत निर्धोक वाटते. ७.८ इंची यंत्रावर समास कापल्यानंतर उभ्यातच साडेदहा पॉइंट मिळतात. पुष्कळ पीडीएफ वाचणाऱ्याने त्याहून लहान यंत्र घेऊच नये. समास कापण्याची उत्तम सोय कोरीडर या मुक्त प्रणालीत आहे. ती कोबो आणि पॉकेटबुक या यंत्रांवर सहज बसते.

पीडीएफचं ईपब करायचं असेल तर आधी एक परीक्षा घ्यावी. संगणकावर फाइल उघडून एक ओळ निवडा, कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवा. देवनागरी जशीच्या तशी उमटली तर कॅलिबर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती सरळ बदलता येईल. देवनागरीच आली पण ऱ्हस्व वेलांट्या भलत्या अक्षरांवर गेल्या आणि जोडाक्षरं फुटली, तर मजकूर युनिकोडचा, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांचा आहे, फक्त पीडीएफ बनवताना अक्षरांचा क्रम बिघडलाय. ते हाताने दुरुस्त करणं एखाद्या लेखापुरतंच परवडतं. रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी आली तर पुस्तक युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे. पीडीएफमध्ये तो फॉन्ट सोबत बांधलेला असतो म्हणून डोळ्यांना मराठी दिसतं, पण ईपब केल्यावर सगळा गिचमिड गोंधळ उरतो. नेमका कोणता फॉन्ट आहे हे फाइलीच्या माहितीत बघून त्याच फॉन्टचा युनिकोड परिवर्तक वापरावा लागतो. आणि काहीच निवडलं गेलं नाही, तर तो पानांच्या फोटोंचा गठ्ठा आहे. त्यासाठी टेसरॅक्ट या ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर बनवणाऱ्या, प्रणालीत मराठीची सोय आहे. स्कॅन इंचाला ३०० ठिपक्यांचा आणि पान सरळ असेल तर मजकूर बराच बरा निघतो, तरी ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल आणि गळालेले अनुस्वार शोधून दुरुस्त करावेच लागतात. हक्कांची मुदत संपलेलं जुनं साहित्य हवं असेल तर ही सारी यातायात करण्याआधी मराठी विकिस्रोत पाहावा. तिथल्या पुस्तकांचं ईपब थेट उतरवता येतं.

कवितेला वेगळं वागवावं लागतं. कवितेची ओळ कवीने तोडलेली असते आणि अक्षर मोठं केलं की यंत्र ती आणखी एकदा तोडतं. मग कवीची ओळ कुठे संपली आणि यंत्राची कुठे, हे कळेनासं होतं. यंत्र आडवं धरा, अक्षर दोन पायऱ्यांनी लहान करा, समास शून्यावर आणा. तरीही सर्वांत लांब ओळ मावत नसेल तर तो संग्रह कागदावरच वाचावा. नकाशे, चित्रं, कोष्टकं, पानोपानी तळटिपा, आणि मागेपुढे चाळत वापरायची संदर्भपुस्तकंही कागदावरच शोभतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५४ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो आणि वेळेची मर्यादा असेल तर फरक वाढतो असं त्यात दिसलं, पण निव्वळ कथात्म मजकुरात असा फरक आढळला नाही. कथा-कादंबऱ्या यंत्रावर आणि अभ्यासाची पुस्तकं कागदावर अशी विभागणी मला म्हणूनच योग्य वाटते.

मालकीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. कुलूपबंद, म्हणजे नक्कल करण्यावर बंधन घातलेलं, ई-पुस्तक विकत घेतलं तरी आपल्याला मिळतो तो वाचायचा परवाना. २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून काही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली होती. पैसे परत दिले, पुढे पुस्तकं परत देऊही केली, पण न विचारता कपाटातून नेली ती नेलीच. फेब्रुवारी २०२५ पासून किंडलचं पुस्तक संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून केबलने यंत्रावर टाकायची सोयही बंद झाली. म्हणून जे पुस्तक मुलांच्या हाती द्यावंसं वाटतं ते छापील घ्यावं, आणि ई-पुस्तक घेताना जिथे कुलूप नसलेलं ईपब मिळतं तिथे आधी पाहावं.

ही यंत्रं पडून जितकी मोडतात त्यापेक्षा जास्त दाबाने मोडतात. स्क्रीनच्या आत बहुतेक वेळा काचेचा अतिशय पातळ थर असतो. भरलेल्या पिशवीत चार्जर किंवा किल्ल्या त्यावर टेकल्या की वरून ओरखडाही न दिसता आतली काच तडकते आणि अर्ध्या पानावर जुनं चित्र आणि रेघा कायमच्या गोठतात. पुढची बाजू झाकणारं कडक आवरण घ्यावं. मागच्या पानाची पुसट सावली मात्र बिघाड नसते. सेटिंगमध्ये दर पानाला पूर्ण रिफ्रेश, म्हणजे स्क्रीन पुसून पान नव्याने उमटवणं, चालू केलं की ती जाते.

बॅटरीच्या जाहिरातीत ‘दहा आठवडे’ लिहिलेलं असतं, ते रोज अर्धा तास वाचन आणि वायफाय बंद असं धरून. म्हणजे एकूण ३५ तास. रोज दोन तास वाचणाऱ्याला ते अडीच आठवडे पुरतात, आणि उजेड वाढवला तर त्याहून कमी. त्याहीपेक्षा झपाट्याने बॅटरी उतरत असेल तर एकदम शे-दोनशे पुस्तकं टाकली होती का ते आठवा. यंत्र शोधासाठी प्रत्येक पुस्तकाची सूची बनवत बसतं, आणि एखादी सदोष फाइल मध्ये आली तर तिथेच अडकून रात्रंदिवस वीज खातं. शेवटी टाकलेली पुस्तकं काढून दहा-दहाच्या गटाने पुन्हा टाकली की दोषी फाइल सापडते.

समासात पेन्सिलने लिहिणाऱ्यांनी खुणांची काळजी पहिल्यापासून घ्यावी. किंडलवरच्या सगळ्या खुणा आणि टिपा ‘माय क्लिपिंग्ज’ नावाच्या एका साध्या मजकूर फाइलीत साठतात, कोबोवर त्या एका छोट्या डेटाबेसमध्ये असतात. विकत घेतलेल्या पुस्तकातून किती मजकूर खुणेसह उतरवता येईल यावर प्रकाशक मर्यादा घालू शकतो. ती ओलांडली की त्या फाइलीत वाक्याऐवजी मर्यादा संपल्याची सूचना येते. म्हणून उताराभर खुणा करत जाण्यापेक्षा नेमकं वाक्य धरावं आणि ते का धरलं हे टिपेत चार शब्दांत लिहावं. महिन्यातून एकदा केबल जोडून ती फाइल तारखेच्या नावाने संगणकावर ठेवावी. यंत्र रीसेट केलं तर त्यावरची फाइल पुसली जाते.